प्रमिलाताईंचा बाळकृष्ण आणि विनिपेगची थंडी

यंदा शारजात थंडी जाता जात नव्हती. एरवी फेब्रुवारी अर्धा सरला की माझ्या गोधड्या धुऊन कपाटात जातात. यंदा होळी आली तरी सकाळी ओल्या केसांनी देवापुढे बसलं की अंगावर काटा यायचा. पण समोरच्या दारातल्या प्रमिलाताई केळसकरांच्या घरातली थंडी याहूनही लांबली. बाहेर एसी सुरू झाले, कलिंगडं आली, तरी त्यांच्या देवघरात हिवाळाच होता.

प्रमिलाताई मूळच्या पार्ल्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या त्याला तीस वर्षं झाली. राजाभाऊ शारजा औद्योगिक क्षेत्रात पाइपच्या कारखान्यात परचेसला आहेत. ताईंनी नोकरी केली नाही, विणकाम केलं. आता पार्ल्यात थंडी नाही आणि शारजातही नाही, तरी या बाईंच्या हातात बारा महिने लोकर. आमच्या ओळखीत कुणाला मूल झालं की ताईंचं टोपरं आणि मोजे पोचलेच म्हणून समजा. कुणी हसलं तर म्हणायच्या, "मॉलमधल्या एसीत नेशील तेव्हा माझी आठवण काढशील."

त्यांच्या देवघरात मुठीएवढा पितळी बाळकृष्ण आहे, रांगता, माहेरून आलेला. मार्गशीर्ष लागला की त्याला लोकरीचं झबलं आणि कानटोपी. आमच्याकडेही देवाला ऊबदार कपडे घालतात आणि रथसप्तमीला उतरवतात. ताईही तेच करायच्या. पण तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी शुभ्रा शिकायला कॅनडात विनिपेगला गेली, आणि बाळकृष्णाची रथसप्तमी चुकली.

पहिल्या वर्षी मीच विचारलं होतं, "ताई, टोपी काढायची राहिली का?"

"राहिली नाही गं समिधा. शुभ्राकडे उणे एकोणीस आहे."

"अहो, पण देव इथं आहे ना, शारजात!"

"देव काय फक्त शारजातच असतो? पोरीला सांभाळायला तिकडे जातो ना रोज? मग उघडा जाऊ दे का?"

मला हे पटलं नव्हतं. देवाच्या गोष्टी रीतीनं व्हाव्यात असं मला वाटतं. पण एखाद्याच्या देवघरात आपण किती बोलायचं? राजाभाऊंना मात्र चांगलाच विषय मिळाला होता. "वहिनी, देवाच्या लोकरीला पस्तीस दिराम. म्हणजे आठशेच्या वर रुपये! आणि मला बनियन घ्यायचा म्हटलं की सेल लागू दे म्हणते." ताई सुया न थांबवता म्हणायच्या, "तुम्ही उणे एकोणीसमध्ये जाऊन दाखवा, तुम्हालाही विणते."

टॅब्लेटवर विनिपेगचं हवामान बघायचं आणि मग देवाला सजवायचं, असा त्यांचा नेम झाला. आमच्या दिवेलागणीच्या वेळी तिकडे सकाळ होते. शुभंकरोति झालं की ताई शुभ्राला व्हिडिओ फोन लावायच्या. मी बऱ्याचदा तिथं असायची, वाती वळत.

ताईंना वर्षं थंडीवरून आठवतात. शुभ्रा पोटात होती ती पाण्याची थंडी. तीन दिवस पाऊस पडून रस्ते असे भरले होते की राजाभाऊंनी त्यांना दवाखान्यात ट्रकमधून नेलं होतं. मग गारांची थंडी. खोर फक्कानहून परत येताना डोंगरात गारा पडल्या, आणि आठ वर्षांच्या शुभ्रानं भाकरीच्या डब्यात भरून घरी आणल्या. फ्रीजरमध्ये ठेवून वर चिठ्ठी लावली, "डू नॉट इट." त्या गारा पाडव्यापर्यंत टिकल्या. कोणी पाहुणा आला की फ्रीजर उघडून दर्शन. मग करोनाची थंडी, तेव्हा शुभ्रा बारावीत होती आणि आई-लेकींनी मिळून बाल्कनीत एवढी मोठी रांगोळी काढली होती की कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

आणि त्यानंतरच्या विनिपेगच्या. पहिल्या थंडीत शुभ्रानं बर्फाचा माणूस केला आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावून फोटो पाठवला. "आई, धिस इज युवर जावई." ताईंनी तो फोटो सगळ्या बिल्डिंगला दाखवला. दुसऱ्या थंडीत ती गोठलेल्या नदीवर स्केटिंग शिकली, पडली, गुडघा सुजला, तरी हसत होती. अभ्यासक्रम संपला, पदवीदानाला जायचं म्हणून ताई आणि राजाभाऊंनी व्हिसा काढला. तेवढ्यात राजाभाऊंची बायपास झाली आणि जाणं राहिलं. शुभ्राला तिथंच एका ऑफिसात नोकरी लागली.

यंदाची तिची तिसरी थंडी. यंदा फोटोच आले नाहीत.

मी वाती वळता वळता ऐकायची. आधी पोरगी पाच-पाच मिनिटं बोलायची, आईला चिडवायची. यंदा ताईंनी विचारायचं आणि तिनं एका शब्दात उत्तर द्यायचं.

"किती आहे गं आज?"

"मायनस ट्वेंटी टू."

"ऑफिस?"

"क्लोज्ड. ब्लिझर्ड आहे."

"बरं, घरातच राहा. काहीतरी गरम खा."

"हो. बाय, आई."

कॅमेरा बंदच. ताई म्हणायच्या, "थंडीनं माणूस गप्प होतं. यंदाची जरा जास्तच लांबलीय, तिथं सगळे वैतागलेत म्हणे."

मार्चच्या मध्यावर एकदा मी भाजणी द्यायला गेले, तर ताई टॅब्लेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फोन नुकताच झाला होता.

"समिधा, ती म्हणते बर्फ पडतोय, बाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि यात बघ, सूर्य काढलाय. कालही काढला होता."

राजाभाऊ पेपरातून म्हणाले, "त्या अ‍ॅपवर काय विश्वास ठेवतेस? इथं पाऊस दाखवतं आणि धूळ येते."

म्हणाले खरे, पण थोड्या वेळानं त्यांनी टॅब्लेट मागून घेतला. काय काय शोधलं आणि शेवटी एक कॅमेरा सापडला, विनिपेगच्या कुठल्याशा चौकात बसवलेला, आत्ताचं चित्र दाखवणारा. आम्ही तिघंही वाकलो. रस्ता कोरडा होता. कडेला बर्फाचे ढीग होते, पण वर लख्ख ऊन. एक बाई कोटाची बटणं उघडी टाकून कुत्र्याला फिरवत होती.

राजाभाऊंचा चेहरा उतरला. मग पारा चढला. "खोटं बोलते ती! लाव फोन. विचारतोच."

"नाही लावायचा." ताई इतक्या हळू बोलल्या की ते थांबलेच. "खोटं बोलायला तरी फोन उचलते ना? तुम्ही विचारलंत तर उद्यापासून तोही उचलणार नाही."

"अगं, पण ऑफिसला जात नाही म्हणजे काय? आजारी आहे? कुणाच्या नादाला..."

"काय ते मला माहीत नाही. पण पहिल्या थंडीत उणे तिसात बर्फाच्या माणसाला कुंकू लावत होती ही. थंडीनं झोपणारी पोर नाही माझी."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला आणि शुभ्रासाठी अथर्वशीर्ष म्हटलं. दुसरं काय करू?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ताईंनी मला मुद्दाम बोलावलं. फोन लागला.

"शुभ्रा, एक काम आहे. बाळकृष्णाचे कपडे आता तू ठरवायचेस."

"व्हॉट?"

"तुझ्याकडे बर्फ असेल तर झबलं-टोपी. नुसता गारठा असेल तर फक्त शाल. ऊन असेल तर काढायचं सगळं. रोज सांगायचं."

"आई, गूगल कर ना."

"गूगल चुकतं. तुझे बाबाच म्हणतात. तू खिडकीतून बघून सांग. देवाचं काम आहे, बाळा, अंदाजे नको."

पलीकडे पांघरूण सळसळलं. मग, "ओके. टुडे स्नो."

"बरं. मग झबलं-टोपी."

फोन ठेवल्यावर मी न राहवून म्हटलं, "ताई, देवाच्या नावावर तिला असं..."

"मग कुणाच्या नावावर?" त्या म्हणाल्या. "माझं ती ऐकत नाही, बाबांना घाबरते. तो एकच उरलाय."

रोज तेच. "स्नो, आई." "बरं." आणि आमच्या शारजात पारा पस्तीसवर गेलेला असताना बाळकृष्णाला टोपी. चौकातला कॅमेरा ताईंनी पुन्हा उघडला नाही. राजाभाऊ बघायचे, चोरून. मला लिफ्टमध्ये सांगायचे, "आजही ऊन होतं, वहिनी. मुलं आइस्क्रीम खात होती."

पाडवा झाला. श्रीखंडाचा नैवेद्य देवानं टोपी घालून खाल्ला.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू ताईंकडे असतं. आंब्याची डाळ, पन्हं, सगळ्या बायका नटून आलेल्या. गौरीच्या शेजारी बाळकृष्ण, नखशिखान्त लोकरीत. वासंतीकाकूंना हसू आवरेना. "काय हो प्रमिलाताई, घामोळं येईल ना त्याला!"

"पावडर लावते," ताई म्हणाल्या.

"कुठल्याही मुंजीएवढ्या मुलाला विचारा, तोही काढून टाकेल टोपी!"

"तो काढत नाही तोवर राहू दे." आणि ताईंनी पन्ह्याचा पेला पुढे केला. हसल्याही.

बायका गेल्या. राजाभाऊ गौरीच्या आराशीच्या दिव्यांच्या वायरी सोडवत होते, मी ओट्यापाशी पेले विसळत होते. फोनची वेळ टळून गेली होती आणि गडबडीत ताईंनी लावलाच नव्हता. तेवढ्यात तो वाजला. महिना-दीड महिन्यात पहिल्यांदाच शुभ्रानं आपणहून केला होता.

"आई, यू डिडन्ट कॉल."

"अगं, हळदीकुंकू होतं. सांग, काय घालू त्याला?"

मी नळ बंद केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, ऊन आहे."

"हो?"

"खूप दिवस आहे. मी बघतच नव्हते. पडदाच उघडत नव्हते. आय जस्ट सेड स्नो. आज तुझा फोन नाही आला, तर मला वाटलं... मग मी उघडला. रस्ते सगळे ड्राय आहेत, आई. त्याची टोपी काढ ना. ही मस्ट बी सो हॉट." आणि ती रडायला लागली, लहानपणी शाळेतून आल्यावर रडायची तशी, हुंदके देत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. जानेवारीतच ऑफिसनं तिला काढलं होतं, तिच्यासकट बऱ्याच जणांना. दुसरीकडे अर्ज केले, नकार आले. मग अर्ज करणंही थांबलं. दात घासायला उठणं जड व्हायला लागलं. "आय कान्ट गेट अप. बाबांनी एवढा खर्च केला. मी काय सांगू?"

राजाभाऊ हातात वायरींचा गुंता घेऊन तसेच खाली बसले होते, सतरंजीवर.

मला वाटलं, ताई आता विचारतील, आधी का नाही सांगितलंस. त्यांनी विचारलं, "आज काय खाल्लंस?"

"सिरियल."

"आणि काल?"

"सिरियल." रडतारडता ती जराशी हसली.

"मी येते."

"नको, आई. इथे अजून कोल्ड आहे. तुला सहन नाही होणार."

"माझ्याकडे लोकर पुष्कळ आहे," ताई म्हणाल्या.

राजाभाऊंनी पुढे सरकून फोन घेतला. मला वाटलं आता ओरडतात की काय. ते म्हणाले, "शुभ्रा, पैशाचं खलास, सोड ते. तो विषय नाही. तू फक्त रोज पडदा उघड, आई पोचेपर्यंत." आणि फोन त्यांनी माझ्या हातात दिला. मीच मग "बाळा, मावशी बोलतेय" असं काहीबाही म्हणत राहिले.

प्रमिलाताई जन्मात एकट्या कुठं गेल्या नव्हत्या. मुंबईलाही राजाभाऊ सोडायला जायचे. त्याच आठवड्यात त्या एकट्या, दोन विमानं बदलून गेल्या. राजाभाऊंना डॉक्टरांनी इतक्या थंडीत जायला मना केलं होतं. सामानात भाजणी, मेतकूट, तूप. देव त्यांनी इथंच ठेवला, झबलं-टोपी उतरवून. राजाभाऊ आता सकाळी सातला पूजा करतात, उभ्याउभ्या, ऑफिसच्या बुटाचे मोजे घालून. मी बघून न बघितल्यासारखं करते. एरवी मला चाललं नसतं.

परवा ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला. वाऱ्याचा घों घों आणि त्यात त्यांचं बोलणं:

"समिधा, बर्फ इतका मळका असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं गं. काळाकुट्ट ढीग, गॅरेजच्या चिंधीसारखा. आणि काल रात्री परत पडला. खरा पडला हं, मी स्वतः पाहिला. एप्रिल संपायला आला तरी! पाण्याची थंडी, गारांची थंडी, सगळ्या झाल्या, पण इतकी चिवट मी पाहिली नाही. अजून बरी नाहीये ती. दुपारी परत पांघरुणात शिरते, मी बसते बाजूला. परवा डॉक्टरकडे नेलं, गुरुवारी पुन्हा बोलावलंय. गोळ्यांना वेळ लागतो म्हणाली ती डॉक्टरीण. लागू दे. आत्ता दूध आणायला निघालोय, हिला म्हटलं मला रस्ता ठाऊक नाही, तू चल. या बुटांनी मला पाऊल टाकता येत नाही आणि ही बघ कुठं पुढं..."

लांबून शुभ्राचा आवाज आला, कातावलेला: "आई! यल्ला, चल लवकर! बस आली, व्हॉइस नोट नंतर कर!"

"आले, आले गं," ताई म्हणाल्या, आणि बर्फात बूट करकरल्याचा आवाज आला.