मी पास केलेली काच

आधीच सांगून ठेवतो, माझं चुकलं हे मी एकदाच कबूल करणार आहे. पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. चहा घ्या, बिस्कीट बुडवा आणि गप ऐका.

तर माझ्याकडे ती निळी गाडी आहे, माहितीय ना? रेसिंगवाली, वाकून चालवायची. वय एक्केचाळीस, उंची पाच फूट तीन इंच आणि गाडी ही अशी. लोक हसतात. हसू देत! लातूरहून इकडं आलो तेव्हा एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. तेव्हापासून डोक्यात होतं की एक दिवस अशी गाडी घेणार. घेतली. कुणाच्या बापाचं काय जातं?

बायकोचं मात्र जात होतं. "पालथं पडलेल्या बाळासारखे दिसता तुम्ही तिच्यावर," वैशाली म्हणते. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण मला खोकला लागला ना राव!

रोजचा रस्ता तळेगाव ते महाळुंगे. सकाळी सहाला निघायचं. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि वारा थेट छातीवर. खोकला काही केल्या जाईना, त्यात मानही धरली. एकदा सकाळी आल्याचा चहा पिता पिता असा खोकलो की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

झालं! वैशालीनं फर्मान काढलं. "दिवाळीपर्यंत खोकला थांबला नाही, तर ही गाडी किरणला द्यायची. तुम्ही कंपनीच्या बसनं जायचं."

किरण म्हणजे माझा मेहुणा. महाळुंग्याचाच. आज जिथं आमच्या कंपनीचं पार्किंग आहे ना, तिथं यांचा कांदा व्हायचा. गाडी घेतली त्या दिवसापासून त्याचा तिच्यावर डोळा. येतो, टाकीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "दाजी, लय मस्त ठेवलीया हो गाडी!" असलं कौतुक मला कळत नाही होय?

मी मनात म्हटलं, गाडी देईन? अरे हट्! हिचा प्रश्न वाऱ्याचा आहे ना? मग वाराच अडवतो.

मोबाइलवर बघितलं, तर एक्स्टेन्शन म्हणून मिळतं. गाडीच्या पुढच्या मूळ काचेवर आणखी एक छोटी काच, दोन क्लॅम्प लावून घट्ट बसवायची. वारा छातीवर यायच्या ऐवजी डोक्यावरून जातो. लगेच मागवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरपोच!

आता इथं माझं काम काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर माझी बाजू तुम्हाला कळायची नाही. गाड्यांच्या मीटरवर जी पारदर्शक काच असते ना, ती आमची कंपनी बनवते. मी फायनल इन्स्पेक्शनला. ओरखडा, डाग, फुगा, काहीही असो, माझ्या नजरेतून सुटत नाही. बारा वर्षांत मी पास केलेला एक पार्ट परत आलेला नाही. एक!

आणि नियमाला मी पक्का. मागच्याच महिन्यात आमच्या लाइनवरच्या शोभाताईंनी एका काचेवरची फिल्म सोलली, खाली डाग आहे का बघायला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, फिल्म कोण काढतं?" बिचाऱ्या म्हणाल्या, "कस्टमर." म्हटलं, "मग आपण हात लावायचा?" त्यांच्याकडून खुलासा लिहून घेतला. पानभर, पाठपोट. मलाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

दसऱ्याच्या सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी काच बसवायला घेतली. तेवढ्यात किरण सोनं द्यायला आला.

"दाजी, मी बसवू का?"

"तू सोनं वाट. हे तंत्राचं काम आहे."

काच उजेडाकडं धरली. ओरखडा नाही. सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला. कुठं फुगा नाही, कुठं काही उचललेलं नाही. "ओके!" मी मोठ्यानं म्हणालो आणि खिशात पेन शोधायला लागलो, टिक करायला. मग क्लॅम्प आवळले, झेंडूचा हार घातला. काय दिसत होती गाडी! किरणचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी निघालो. वारा? नावाला नाही! छाती गरम, मान मोकळी. मी हेल्मेटमधल्या हेल्मेटमध्ये गाणं म्हणत होतो.

फक्त एक गोष्ट. धुकं फार होतं.

कंपनीच्या गेटवर वॉचमनला म्हटलं, "काय धुकं पडलंय हो आज!"

त्यानं आकाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कुठंय साहेब?"

म्हटलं, असेल बाबा, याची झोप झाली नसेल. पण दुपारी साडेतीनला शिफ्ट सुटली, ऊन रणरणतंय, आणि रस्त्यावर पुन्हा धुकं! पुढचा ट्रक म्हणजे नुसता दुधी ठिपका. मान वर काढली की लख्ख दिसायचं. मान खाली घातली की धुकं. वर काढली, लख्ख. खाली घातली, धुकं.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, मग काच बघा की!" म्हणालात ना? सगळे हेच म्हणतात. अरे पण काच मी पास केली होती! स्वतः! उजेडाकडं धरून! त्या काचेवर शंका घ्यायची म्हणजे माझ्या बारा वर्षांवर शंका घ्यायची. ते जमणार नाही.

मग राहिलं काय? डोळे. मी अनुमान काढलं की मान खाली घातली की डोळ्यांवर दाब येतो, म्हणून अंधुक दिसतं. तर्क चुकीचा आहे का सांगा!

त्यावर गप्प बसायचं की नाही? पण आठ दिवसांत खोकला पार गेला आणि मला चेव चढला. वैशालीला म्हणालो, "बघ! खोकला गेला. जिंकली मी गाडी. आता फक्त वाकल्यावर जरा अंधुक दिसतं, तेवढं बघून घेतो."

तिच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली.

"अंधुक दिसतं? आणि तसेच कंटेनरमधून गाडी चालवता?"

"जरासंच गं. फक्त वाकल्यावर."

"मग वाकायची गाडीच बंद!"

बघा, म्हणजे माझ्याच तर्कानं माझीच गाडी चालली. मी आवाज चढवणार होतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नजरेवर तुमची नोकरी आहे हो. मला भीती वाटते," म्हणाली. खरं सांगू? आतून मीही टरकलोच होतो. पण दाखवतो कशाला?

दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. बाई तरुण होत्या, शांत होत्या. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं धडाधड वाचलं.

"डोळे उत्तम आहेत तुमचे," त्या म्हणाल्या.

"असं बसून नका बघू. मी वाकतो, मग बघा."

"वाकता?"

मी त्यांच्या स्टुलावर पोट टेकलं, हात पुढं केले, हनुवटी वर. गाडीवर बसतो तसा. बाहेर बसलेल्या आजी आत डोकावून बघायला लागल्या. त्या अवस्थेतही शेवटची ओळ वाचून दाखवली!

"यातही उत्तम," डॉक्टर म्हणाल्या.

"अहो मॅडम, असं कसं? मी रोज सहाशे पार्ट बघतो, दोष असला की मला कळतो. माझ्यात दोष आहे! तुम्ही नीट बघा!"

"दोष आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण डोळ्यात नाही." आणि माझ्या समाधानासाठी एक थेंबांची बाटली लिहून दिली.

वैशालीला वाटलं, तपासणीतही सापडत नाही म्हणजे दुखणं मोठंच असणार. तिनं तिथल्या तिथं किरणला फोन लावला. "भाऊबीजेला येशील तेव्हा गाडी घेऊन जा."

आता मला सांगा, भाऊबीजेला भावानं ओवाळणी घालायची असते की बहिणीच्या घरची गाडी न्यायची असते? पण माझं ऐकतो कोण?

भाऊबीजेच्या दिवशी किरण नवा शर्ट घालून हजर. वैशालीनं गाडीची चावी त्याच्या हातात दिली. मी पार्किंगमध्ये उभा. गाडी पुसून लख्ख केली होती, आरसे, टाकी, सगळं. चावीकडं बघवत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण ताठ उभा होतो.

किरणला माझी दया आली असावी. जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, मला काय वाटतं, त्ये डोळं न्हाईत. ती नवी काचच खराब आसंल."

"काच मी पास केलीय."

"आवो, पर..."

"किरण, काच मी पास केलीय!"

"दाजी, नीट इचार करा. काच खराब म्हणलात, तर गाडी तुमच्याकडं ऱ्हाती. डोळं खराब म्हणलात, तर माझ्याकडं येतीया. बोला, काय खराब हाय?"

हातची गाडी चालली होती. एक शब्द बोलायचा होता फक्त. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

"डोळे!" मी म्हणालो.

"धन्य हाय तुमची," म्हणून तो गाडीवर बसला. हँडल धरलं, वाकला. आणि वाकला तसाच राहिला.

"दाजी... मलाबी काय दिसंना!"

"बघ! म्हणजे वाकल्यावर सगळ्यांनाच होतं!"

पण तो ऐकतच नव्हता. गाडीवरून उतरला, पुढून काचेजवळ तोंड नेलं, आणि नखानं काचेची कड खरवडायला लागला.

आणि माझ्या तोंडून, आईशपथ सांगतो, मी बोललो नाही, बारा वर्षांची नोकरी बोलली. अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असा ओरडलो:

"ए! फिल्मला हात लावायचा नाही!"

किरणचं नख तिथंच थांबलं. वरच्या मजल्यावर फटाके लावणारे लोकही थांबून खाली बघायला लागले.

वैशाली सावकाश माझ्याजवळ आली. "कसली फिल्म?"

मी काचेकडं बघितलं. मग तिच्याकडं. मग परत काचेकडं.

"संरक्षणासाठी असते ती," मी म्हणालो. "ओरखडे पडू नयेत म्हणून. कारखान्यातून येते."

"तुम्हाला माहीत होतं ती आहे?"

"अर्थात! मी तपासली होती! कुठं फुगा नव्हता, एक कड उचललेली नव्हती. एकदम ओके होती!"

वैशालीनं कड धरली आणि खेचली. चर्रर्र! दुधी पापुद्रा तिच्या हातात आला. तिनं तो माझ्या तोंडासमोर धरला आणि त्यातून माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही मला दोन आठवडे रडवलंत. यासाठी?"

"हे बघ, प्रोसेसप्रमाणे फिल्म काढणं हे कस्टमरचं..."

"चुकलं म्हणा."

"ऐक तर! आमच्या लाइनवर..."

"किरण, गाडी चालू कर."

त्यानं चावी लावली. इंजिनाचा आवाज आला राव! तो आवाज ऐकला आणि तत्त्वबित्त सगळं विरघळलं.

"चुकलं!" मी ओरडलो. "माझं चुकलं! बास?"

मग ओवाळणं झालं. किरण पाटावर बसला, वैशालीनं ओवाळलं, आणि त्यानं खिशात हात घालून गाडीची चावी तिच्या ताटात टाकली. "घे ताई, ओवाळणी," म्हणाला. भला माणूस आहे हो. मी त्याच्याबद्दल काय काय विचार केला होता!

वैशालीनं चावी मला दिली. म्हणाली, "बसून बघा आता, स्वच्छ दिसतंय का."

मी बसलो. वाकलो.

आता खरी गोष्ट सांगतो. घरी कुणाला माहीत नाही, आणि तुमच्यातल्या कुणी सांगितलं तर आपली दोस्ती संपली. मी वाकून बघितलं, तर धुकं होतं. पहिल्याच्या निम्मं, पण होतं.

दोघं भाऊबहीण माझ्या तोंडाकडं बघत होते. आता एकाच दिवसात दोनदा काही खराब निघालं म्हणायचं? मी?

"एकदम क्लिअर!" मी म्हणालो.

पुढचे आठ दिवस तसाच कंपनीत गेलो. मान वर काढून, खाली घालून, वर काढून, खाली घालून. शेवटी एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये सगळे जाईपर्यंत थांबलो. इकडं तिकडं बघितलं. काचेच्या आतल्या बाजूला नख लावलं. काचेला दोन बाजू असतात हो, आणि फिल्मही दोन असतात. दुसऱ्याला मी हे बारा वर्षं शिकवतोय. कड धरली आणि खेचली. चर्रर्र!

"सर?"

मागं बघितलं, तर शोभाताई. डबा हातात, पिशवी खांद्याला. माझ्या हातात लोंबणारा पापुद्रा त्या नीट निरखून बघत होत्या.

"सर, फिल्म कस्टमर काढतो ना?"

"ताई," मी छाती पुढं काढून म्हणालो, "इथं कस्टमर मीच आहे!"

"असं होय? मग कस्टमरची तक्रार आली म्हणायची." त्यांनी पिशवीतून वही काढली, एक कोरं पान फाडलं आणि माझ्या टाकीवर ठेवलं. "पार्ट कुणी पास केला होता, सर?"

पेन माझ्याच खिशात होतं. लिहून दिलं. पानभर, दोन्ही बाजूंनी.