न विचारलेला भाव

किंमत विचारल्यावाचून माझ्या मावशीने जगात एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे जन्म. लग्नघरी ती नवरीच्या शालूची किंमत विचारी, बारशाला पाळण्याची. आणि देवळातली नवी घंटा वाजवल्यावर देवाला हात जोडायच्या आधी तिने गुरवाला घंटेचा भाव विचारला होता. पोलादपूरच्या शाळेत जन्मभर शिकवलेले, त्यामुळे महाडच्या पेठेत ती बोलली की नदीपलीकडे ऐकू जाई.

औषधांच्या किमती दुकानात लावाव्यात असा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा घरात कार्य निघाल्यासारखी ती हरखली. आमच्या पेठेतल्या औषधवाल्या शेठजींनी हुकूम पाळला. पत्रक लावले, पण गणपतीच्या तसबिरीच्याही वर, आणि बारीक इंग्रजीत. डोंगरातली माणसे तर भाव विचारतच नसत. औषधाचा भाव केला की गुण जातो, ही समजूत. पदराची गाठ सोडून म्हणायचे, "बसंल तेवढं दे." शेठजी देतील तेवढेच रोग्याच्या पोटात जाई.

मावशीने बाजाराच्या दिवशी दुकानात ठाण मांडले. डोंगरातल्या कुडपणची एक बाई नवऱ्याच्या तापाचे औषध न्यायला आली. डॉक्टरांनी आठवड्याचे लिहिलेले, शेठजींनी दोन दिवसांचे पुढे सरकवले. मावशी चष्मा सावरत थेट बाकावर चढली आणि पत्रक मराठीत वाचू लागली. त्या बाईने कानांवर हात ठेवले.

"नको गो बाय, भाव काढू नको! धनी उठायचा नाय माजा!"

"तू कुठं विचारलास? मी माझं वाचतेय."

"बाई," शेठजी म्हणाले, "पत्रक लावा असा हुकूम आहे, वाचून दाखवा असा नाही."

"वाचू नका असा तरी कुठं आहे?"

दारात माणसे जमली. शेठजींनी बाईने गाठीतून काढलेले पैसे पुन्हा पाहिले आणि उरलेल्या गोळ्या निमूटपणे बांधून दिल्या. नवरा उठला. मग कुडपणात ठरूनच गेले, की बाय वाचते म्हणून गुण येतो. तिने वाचल्याशिवाय कुणी पुडीला हात लावीना, शेवटी शेठजीच निरोप धाडत, "बाई, या हो, गिऱ्हाईक खोळंबलंय."

मावशी आजारी पडली तेव्हा औषधाला मी गेलो. शेठजींनी माझ्याकडे पाहिले, स्टुलावर चढून पत्रक खाली काढले आणि मी न विचारताच खणखणीत आवाजात किंमत वाचली.

घरी तिने डोळे न उघडताच विचारले, "भाव विचारलास?"

"नाही. त्यांनीच वाचला."

"मोठ्यानं?"

"रस्त्यापर्यंत."

ती हसली. औषध सगळे घेतले तिने, नेमाने. गुण आला नाही.

पत्रक पुन्हा तसबिरीवर गेले नाही. आता ते बाकासमोर आहे, डोळ्यांच्या उंचीवर, मराठीत. मी तिथे गेलो की ते वाचतो. मोठ्याने वाचणे मात्र अजून जमत नाही.