पोत्याच्या तोंडाशी ठेवलेल्या लोंब्या

लोकांचं भलं करायची मला फार हौस होती. आज हे लिहिताना स्वतःचाच राग येतो. पण तेव्हा मी पंचविशीची होते, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आणि पौडला उतरून पुढे तासभर चालत ज्या गावात शिकवायला जात होते तिथे माझ्याइतकं शहाणं कोणी नाही, अशी माझी खात्री होती. पन्नासचं दशक सरत आलं होतं. शनिवारी शाळा सुटली की पौडला येऊन एस.टी. पकडायची, पुण्यात पेठेतल्या घरी आईच्या हातचं खायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत फिरायचं, असा माझा क्रम होता.

गावात मी एका शेतकरी कुटुंबाच्या पडवीत राहायची. घरच्या बाईंना मी मावशी म्हणायची. नात्याच्या नव्हत्या, पण पहिल्याच आठवड्यात माझी भाजी करपलेली पाहून त्यांनी माझी चूल जवळजवळ बंद करून टाकली. "बाई, तुमी पोरं शिकवा. भाकरीचं मी बगते," एवढं बोलून विषय संपला. घरात त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. मुली लग्न होऊन गेलेल्या. ओढ्याला लागून दोन खाचरं होती आणि त्यांत एक भात व्हायचं, जे गावात दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं. ते उशिरा यायचं, पीक कमी द्यायचं, पाणी जास्त मागायचं, म्हणून बाकीच्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. मावशींनी सोडलं नव्हतं, कारण ते बी त्यांच्या सासूने त्यांच्या ओटीत घातलं होतं. तो भात शिजायला लागला की मला वर्गात वासाने कळायचं. शाळा म्हणजे शेजारचंच देऊळ होतं, पण तरीसुद्धा.

एकदा मी त्यातला शेरभर तांदूळ आईसाठी नेला. आईने पहिला घास घेतला आणि वाण्याच्या तांदळाला अशी काही नावं ठेवली की वडील जेवता जेवता हसायला लागले. तिथे माझ्या डोक्यात कल्पना आली. गावातलं भात व्यापारी खळ्यावरूनच उचलून न्यायचा, गिरणीत पॉलिश करायचा, कशात काय मिसळायचा आणि शहरातल्या दुकानात ठेवायचा. पिकवणाऱ्याला खाणारा माहीत नाही, खाणाऱ्याला पिकवणारा माहीत नाही. मी ठरवलं, मधला माणूस काढायचा. पेठेतलं एक घर आणि गावातलं एक घर अशी जोडी लावायची. गावातल्या बायकांनी घरीच भात कांडायचं. म्हणजे कोंडाही गावातच राहील, म्हशींना होईल. पोतं शनिवारी माझ्याबरोबर गाडीच्या टपावर जाईल आणि रिकामं पोतं सोमवारी माझ्याच काखेतून परत येईल.

आणि प्रत्येक पोत्याच्या तोंडाला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड शिवायचं, ही माझी खास करामत. जाताना त्यावर गावाकडून निरोप, येताना रिकाम्या पोत्याला शहराकडून दुसरं कार्ड. गावातल्या बायकांना लिहिता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. या कार्डाचा मला फार अभिमान होता.

कल्पना चालली, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी सात जोड्या झाल्या. टपावर पोती चढवताना दर शनिवारी कुरकुरणाऱ्या कंडक्टरने स्वतःच्या घरासाठीही एक जोडी मागून घेतली. रिकाम्या पोत्यांतून पाठ्यपुस्तकं यायला लागली, डोळ्यांत घालायचं औषध आलं, सुया, लोकर, एकदा तर बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आले. कार्डांवर आधी "तांदूळ मिळाला, चांगला आहे" एवढंच असायचं. मग "म्हैस बरी झाली का?" असं यायला लागलं. इकडून उलट विचारणा व्हायची, "तुमची लेक म्याट्रिक पास झाली का?" एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या बायका एकमेकींच्या घरात शिरल्या होत्या. मी मात्र हे सगळं माझ्या हुशारीच्या खात्यात धरत होते.

पहिल्या वर्षीचीच गोष्ट. मार्गशीर्षात मावशींचं पहिलं पोतं आमच्या घरी निघालं. पोतं शिवायच्या आधी त्यांनी तोंडाशी लोंब्यांची एक जुडी ठेवली. भरलेल्या, सोनेरी, मनगटाएवढी जाड जुडी, केळीच्या सोपटाने बांधलेली.

"बाई, त्या तुमच्या आईला सांगा, ह्या लोंब्या घरात ठिवा म्हणावं. आमच्यात सोयऱ्याच्या घरी ठिवत्यात."

मी लिहीत होते. शाळेची वेळ झाली होती, पोरं देवळासमोर गोंधळ घालत होती. "बरं बरं," म्हणाले आणि मनात म्हटलं, किती छान, शकुनाच्या दिसतात. पण कार्डावर "सोयऱ्याच्या घरी" वगैरे लिहायला मला कसंसंच वाटलं. आईला काय कळणार त्यातलं? पुण्यात दारावर लोंब्या टांगतात त्या चिमण्यांसाठी. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सोबत लोंब्या पाठवत आहे. चिमण्यांसाठी."

वाक्य किती गोड झालंय, असं वाटलं मला. मावशींचं सांगणं मी सुधारून दिलं होतं.

आईने ती जुडी दाराच्या चौकटीला टांगली. चिमण्यांनी दोन महिन्यांत फस्त केली. शेजारणी पाहून जायच्या. पुढच्या वर्षी जुडी आली, तीही टांगली. दर मार्गशीर्षात मावशी न चुकता लोंब्या ठेवायच्या आणि विचारायच्या, "गेल्या सालच्या हायेत न्हवं नीट?" आणि मी, खाल्लेल्या लोंब्यांचा तो वाळका झाडू आठवून, खुशाल म्हणायची, "हो हो, दारातच आहेत." खोटं तरी कुठे होतं? दारातच होत्या.

चौथ्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. आईने हट्ट धरला की पंगतीत पहिला वरण-भात मावशींच्या तांदळाचाच वाढायचा. वर्षाचा तांदूळ तर केव्हाच आला होता. मी मावशींना म्हणाले, "आणखी एक पोतं लागेल. होईल ना?"

त्या जेवणापुरते तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या कणगीकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. "लग्न हाय म्हंजे द्याया पायजेच की. बगते," म्हणाल्या. त्या दोन दिवस कांडत होत्या. मुसळाचा आवाज मला पडवीत ऐकू येत होता. फाल्गुन संपत असताना कोणाच्या कणगीत कांडायला भात उरलेलं असतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. चार वर्षं त्या घरात जेवलेल्या बाईला पडला नाही.

पोतं गेलं. लग्न झालं. व्याह्यांनी भात मागून घेतला आणि आईची मान ताठ झाली. मी सुट्टीसाठी पुण्यातच होते. लग्नानंतर आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळची अकराची वेळ, दारात मावशी उभ्या. डोक्यावर पदर, हातात आईने धाडलेलं, आमचा पत्ता असलेलं एक जुनं कार्ड. ते कार्ड दाखवत दाखवत, विचारत विचारत त्या बसस्थानकापासून आमच्या दारापर्यंत चालत आल्या होत्या. माझं कार्ड असं कामाला आलेलं पाहून मला आधी आनंदच झाला. काय म्हणावं!

आईने त्यांना पाटावर बसवलं, चहा दिला, लग्नाचे लाडू दिले. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या, पण चार वर्षांच्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलायला लागल्या. मावशींनी नवरीसाठी खण आणला होता. चहा झाला आणि त्या म्हणाल्या, "बरं आई, आता निघते. चारची गाडी गाठायची हाय. तेवढं माजं बी द्या."

"काय देऊ?" आईने विचारलं.

"बी वं. लोंब्या. ह्या सालच्या. रोपांचा राब भाजून झालाय, मिरगाच्या आदी पेराया पायजे."

आई माझ्याकडे पाहायला लागली. मावशी हसून समजावून सांगू लागल्या. त्यांच्याकडे बी कधी एका घरात ठेवत नाहीत. आग लागते, उंदीर लागतात, छप्पर गळतं. म्हणून एक वाटा आपल्या कणगीत आणि एक सोयऱ्याच्या घरी, उंच टांगून. एकाचं गेलं तर दुसऱ्याकडून न्यायचं. मुलींच्या सासरी खाचरं नव्हती, तिथे हे भात कोणी जपलं नसतं. "ह्या येळेला माज्याकडलं कांडलं लग्नाला. म्हनलं, हाय की तुमच्या घरी. मूठभर ऱ्हायलं तरी तीन सालांत खाचर भरतंय."

कार्डावर मी काय लिहिलं होतं ते मला आठवलं. आई मात्र अजून काही समजली नव्हती. ती सरळ मनाने म्हणाली, "अहो, त्या आम्ही दाराला टांगतो. चिमण्या खातात. कार्डावर तसंच होतं ना, चिमण्यांसाठी म्हणून. हिच्याच अक्षरात." आणि खात्रीसाठी फडताळातून तिने सगळी कार्डं काढली. जपून ठेवली होती बिचारीने. त्यातलं पहिलं तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी असं सांगितलं व्हतं?"

"नाही मावशी," मी म्हणाले.

त्या भांडल्या असत्या, तर मी रडून तरी घेतलं असतं. त्या उठून दाराशी गेल्या. चौकटीला ती वाळकी जुडी लटकत होती. त्यांनी ती खाली काढली आणि एकेक काडी बोटांतून ओढत गेल्या, दूध काढावं तशा, वरून खाली. दोन-तीन ठिकाणी बोटं थांबली. नखाने दाबून पाहिलं. दाणे पोचट होते. आईला आता बरंचसं कळलं होतं. ती घाईघाईने आत गेली आणि डबा घेऊन आली. "लग्नातला दोन शेर उरलाय. हा न्या ना परत, हा तोच आहे."

"कांडलेला उगवत न्हाई, आई," मावशी अगदी हळू म्हणाल्या. आईला लाज वाटू नये, एवढीच त्यांची काळजी दिसत होती.

त्यांना गाडीत बसवून द्यायला मी गेले. वाटेत मी काय काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक सगळं माफीचंच असावं. बियाणं शोधू, कृषी खात्यात विचारू, भोरकडे असेल, मावळात असेल. त्या ऐकत होत्या. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "तुमी लिवलं ते वाचाया मला येत न्हाई, बाई. न्हाईतर तवाच बोलले असते." यात टोमणा नव्हता. त्या आपलीच चूक शोधत होत्या.

मी खरंच शोधलं. सुट्टीभर फिरले. दोन ठिकाणी तसंच वाटणारं भात मिळालं, पण मावशींनी दाणा दाताखाली धरून मान हलवली. सरकारी डेपोतून नवं बी आणून त्यांनी खाचरं लावली. पीक दीडपट आलं. यजमान खूश होते. म्हणजे तोट्यात कोणी गेलं नाही, असंही म्हणता येईल, आणि मी काही दिवस स्वतःला तसं सांगून पाहिलंही. पण त्या वर्षी भात शिजताना मला वर्गात काही कळलं नाही.

योजना पुढे आणखी काही वर्षं चालली. माझी बदली झाली आणि मग हळूहळू बंद पडली. कोणी मला त्याबद्दल विचारलं की अजूनही लोक कौतुक करतात, शहर आणि खेडं जोडलं म्हणतात. मी विषय बदलते. जोडलं होतं ते मावशींनी. त्यांनी आम्हाला आपलं बी सांभाळायला दिलं होतं, आणि त्यांच्या आणि आईच्या मध्ये जो एक माणूस उरला होता, त्याने ते चिमण्यांना घातलं. मधला माणूस काढायला निघालेली मी, मलाच काढायचं विसरले.

लग्नानंतरच्या त्या मार्गशीर्षात मावशींचं पोतं ठरल्याप्रमाणे आमच्या घरी आलं. कार्डावर त्यांनी सांगितलं तेवढंच मी शब्द न बदलता लिहिलं होतं, "तांदूळ धाडलाय. पोरीला संसार सुखाचा होऊ दे." घरी पोतं सोडताना मी पाठमोरी उभी होते. आईने शिवण उसवली, तोंडाशी चाचपलं, मग कोपरापर्यंत हात आत घालून पाहिलं.

"यंदा लोंब्या नाही पाठवल्या त्यांनी?"

"त्या सोयऱ्यांकडे पाठवतात, आई," मी म्हणाले.