शय्यादानास उत्तम

आमच्या गाद्यांवर जिवंत माणूस झोपत नाही असा समज नेर तालुक्यात पसरला, त्यास मी जबाबदार आहे, असे माझ्या घरच्यांचे मत आहे. मी हे मत मान्य करीत नाही. मी केवळ एक लेख लिहिला होता. लोकांनी तो कसा वाचावा, याची जबाबदारी लेखकावर टाकण्याची प्रथा मला तरी ठाऊक नाही!

प्रकरणाचे मूळ कापसात आहे. ती वर्षेच अशी होती, की कापूस विकावा तर ठेवला असता तर बरे असे वाटे, आणि ठेवावा तर विकला असता तर बरे असे वाटे. माझा मुलगा सुधीर याने ठेवण्याचा निर्णय घेतला. "भाव वाढन बाबा, पाहा तुमी," तो म्हणाला. भाव वाढला नाही, ढीग वाढला. प्रथम मागची खोली गेली, नंतर माजघर गेले, शेवटी माझी खोली गेली. यवतमाळच्या सरकारी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून सन्मानाने निवृत्त झालेल्या माणसाची खाट पडवीत आली आणि त्याच्या खोलीत कापूस सुखाने नांदू लागला. घरातील प्रत्येक जण दिवसभर अंग खाजवीत असे. पाहुणे आले की चहा न घेताच उठत. (हा एकच लाभ.)

अशा वेळी सून बोलली. वैशाली महागावकडची, शिकलेली, आणि शिकलेली असल्याचे लपवून न ठेवणारी.

"मामाजी, व्यापाऱ्याले मातीमोल कायले द्यायचा? आपण गाद्या भरू."

"अन् घेईन कोण?" सुधीरने विचारले.

"फेसबुकवर टाकू. ब्लॉग काढू. लोकं घरबसल्या मागवतात आता."

सुधीरने अट घातली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, घर रिकामे झाले तर ठीक. नाही झाले, तर उरलेला कापूस व्यापारी म्हणेल त्या भावाने जाईल आणि गादी हा शब्द या घरात पुन्हा निघणार नाही. वैशालीने अट तत्काळ मान्य केली. माझे मत कोणी विचारले नाही. खोली मात्र माझी होती!

ओळखीच्या जिनिंग कारखान्यात सरकी काढून रुई करून आणली. पिंजारी आला, अंगणात गाद्या भरू लागला. सुनेने फेसबुकवर पान उघडले आणि त्याला 'मऊशार' असे नाव दिले. हे नाव असत्य होते. गादी घट्ट होती. मी तसे निदर्शनास आणून दिले.

"मामाजी, जाहिरात हाय ते."

"मग खरी करा."

पानावर लोक प्रश्न विचारीत. त्यांना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात मोकळा असा मीच होतो. येथे मला समाजाच्या अवनतीचे जवळून दर्शन घडले. गादीच्या छायाचित्राखाली किंमत ठळक अक्षरांत दिलेली असे आणि तिच्याच खाली एक गृहस्थ लिही, "भाव काय दादा?" त्याच्या खाली दुसरा, "भाव काय दादा?" त्याच्या खाली तिसरा! मी उत्तर दिले, "भाव वर नमूद केला आहे. वाचण्याचे कष्ट घ्यावेत. मी आपला दादा नाही." वैशालीने कपाळाला हात लावला.

"मामाजी, गिऱ्हाईक हाय तो!"

"असेल. पण त्याला दिसत नाही."

अखेर तिने मला त्या कामावरून हलवले आणि ब्लॉगवर बसवले. "तुमचं मराठी चांगलं हाय मामाजी. कोणाले उत्तर देऊ नका. फक्त लेख लिहा. गादीबद्दल चांगलं चांगलं." हे काम माझ्या योग्यतेचे होते, म्हणून मी स्वीकारले.

त्याच सुमारास महागावहून मोठी मागणी आली होती. वैशालीच्या माहेरच्या ओळखीतील एका बाईंच्या मुलीचे लग्न होते. मुलीच्या आंदणाला गाद्या, जानवशासाठी गाद्या, वर उश्या आणि लोड. एवढा माल गेला असता, तर माजघर आणि माझी खोली दोन्ही मोकळी झाली असती. वैशालीने नवरीच्या गादीसाठी लाल खोळ मुद्दाम शिवून घेतली, तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी. नमुना म्हणून ती पहिली गादी तयार करून पडवीत ठेवली होती. माझ्या खाटेशेजारीच.

मी लेख लिहायला घेतला. शीर्षक दिले, 'गादी : उपयोग आणि मर्यादा'. मानवी आयुष्याच्या क्रमाने मांडणी केली. बारसे, लग्न, बाळंतपण, आजारपण, आणि अखेरीस शय्यादान. लग्नावर दोन वाक्ये लिहिली, कारण लग्नाविषयी त्याहून अधिक सांगण्यासारखे नसते. शय्यादानावर मात्र सविस्तर लिहावे लागले. त्यास कारण होते. आदल्याच आठवड्यात एका परिचिताच्या तेरवीला गेलो होतो. गेलेल्या माणसाच्या नावाने गुरुजींना गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या असे सारे देतात, ते तेथेही दिले. गादी पाहतो तर स्पंजची! बोटाने दाबली तर जमिनीला लागली. आयुष्यभर ज्याने कापूस पिकवला, त्याच्या नावाने स्पंज! मी तेथे काही बोललो नाही. (पत्नीने धोतर ओढून खाली बसवले.) परंतु जे तेथे बोलता आले नाही, ते लेखात लिहिले. 'मृताप्रती आदर दाखवायचा, तर गादीत रुईच हवी. आमची गादी शय्यादानास उत्तम आहे.' यात चूक काय आहे?

लेखास चित्र हवे, असा नियम आहे म्हणे. मी चित्र केले. पडवीत एकच तयार गादी होती. ती अंथरली. उशी ठेवली. उजव्या बाजूस माझी छत्री, डाव्या बाजूस माझ्या चपला, उशाशी पाण्याचा तांब्या. मांडणी शास्त्राप्रमाणे बिनचूक होती. छायाचित्र काढले आणि लेख प्रसिद्ध केला. सुनेने ठेवलेल्या सोयीमुळे तो आपोआप फेसबुकवरही गेला, आणि चित्र सर्वांत वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी महागावहून फोन आला. वैशालीने कानाला लावला, तरी बाईंचा आवाज अंगणातील पिंजाऱ्यालाही ऐकू गेला.

"वैशाले! काय करून ठेवलं व हे तुह्या सासऱ्यानं? ते लाल खोळ माह्या पोरीची हाय ना?"

"मावशी, ऐका तं..."

"माह्या पोरीच्या गादीजवळ छत्री अन् चपला! तिच्या सासरचे पाहून राह्यले ते!"

मी फोन घेतला. वस्तुस्थिती स्पष्ट करणे माझे कर्तव्य होते.

"बाई, दान झालेले नाही. ती केवळ मांडणी होती."

"आमच्या घरी हळद दळून राह्यले, अन् तुमी तेरवीची मांडणी करता जी?"

"गादी तीच असते, बाई. तिच्यावर माणूस कोणत्या अवस्थेत आहे, एवढाच फरक."

फोन बंद झाला. मागणीही बंद झाली. वैशालीने ती लाल गादी गुंडाळली, माझ्या खोलीतील कापसावर ठेवली आणि दार ओढून घेतले. ती ओरडली असती तर मला सोयीचे झाले असते.

"झालं समाधान?" पत्नी म्हणाली. "पोरीनं उन्हाळाभर हाडाची काडं केली, अन् तुमी एका लेखात तेरवी घातली!"

"लेख काढून टाका," सुधीर म्हणाला.

लिहिलेले मागे घेणे माझ्या तत्त्वात बसत नाही. परंतु खुलासा करणे बसते. मी त्याच दुपारी खुलासा प्रसिद्ध केला. 'सदर गाद्या मृतांव्यतिरिक्त जिवंत व्यक्तींसही वापरता येतील.' वाक्य निर्दोष होते. तरी त्याखाली जगभरचे लोक हसून डोळ्यांतून पाणी काढणारी पिवळी तोंडे लावू लागले, आणि सायंकाळपर्यंत ते वाक्य माझ्याच व्हॉट्सॲपवर चार गटांतून परत आले. अमरावतीच्या माझ्या व्याह्यांनी ते मला पाठवून खाली लिहिले होते, "वाचा, कोणी मूर्ख आहे." मी त्यांच्याशी अद्याप बोलत नाही.

लग्नघरांचे फोन थांबले. आखाजी जवळ येत होती. व्यापारी एकदा दारावरून जाताना आत डोकावून गेला. आणि मग एक दिवस यवतमाळहून फोन आला.

"परवा तेरवी हाय आमच्या बाबाची. ते शय्यादानवाली गादी तुमच्याचकडं भेटते न जी?"

वैशालीने माझ्याकडे पाहिले. मी आढ्याकडे पाहिले.

"भेटते," ती म्हणाली.

"अन् छत्री? फोटोत होती ते?"

"छत्रीबी भेटन."

त्यानंतर थांबणे नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी, जेथे म्हणून माणूस जाई, तेथून आम्हाला फोन येई. वैशालीने छत्र्या आणि चपला घाऊक आणल्या. पानावरचे 'मऊशार' तिने मुकाट्याने पुसले आणि त्या जागी माझेच वाक्य घातले, परवानगी न घेता! सुधीर ऑटोवर गादी बांधून निघाला की गल्लीतील बायका दारात येऊन हळहळत, "कोण गेलं व माय?" एकदा तो स्वतःच्या मावशीकडे झोपायला म्हणून गादी घेऊन गेला, तर मावशीने ती घरात घेतली नाही. अंगणातूनच परत पाठवली, आणि अंगण शिंपडले.

घर रिकामे होत होते. मागची खोली निघाली, माजघर निघाले, नवरीची लाल गादीही खोळ बदलून गेली. मी मात्र गावातून उठलो! माझ्या वयाचे लोक मला पाहून रस्ता ओलांडू लागले. सायंकाळी आम्ही निवृत्त मंडळी ज्या पारावर बसतो, तेथे मी जाताच एक जण खोकला दाबू लागला. मी सहज त्याच्याकडे पाहिले.

"काय पाहून राह्यला बे? लांबी का?" तो म्हणाला, आणि उठून गेला.

आखाजीस थोडे दिवस उरले असताना माझे जुने मित्र भास्करराव आजारी पडले. निवृत्त मुख्याध्यापक, माझ्याहून हट्टी. छातीत कफ, ताप, डॉक्टरांनी मान हलवलेली. मी भेटावयास गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडले. मला पाहताच त्यांनी चौकटीला दोन्ही हात लावले.

"अजून नाई जी!"

"वहिनी, मी भेटायला आलो आहे."

"हो, पण अजून नाई!"

आतून क्षीण आवाज आला. "येऊ दे त्याले. आला तं माप घेऊन जाईन."

मी आत गेलो. भास्कररावांनी हात पुढे केला नाही, दम नव्हता.

"किती कापूस राह्यला तुह्या घरी?"

"एका गादीपुरता," मी सांगितले. "माझ्या खोलीत."

"मग ते माह्यी. घट्ट भरजो. अन् स्पंज निघाला तं वरून येऊन पाहून घेईन तुले."

मी मान डोलावली. आम्हा दोघांनाही त्याहून अधिक बोलण्याची सवय नाही. घरी येऊन पिंजाऱ्याला बोलावले आणि ती गादी माझ्या देखरेखीखाली भरून घेतली. टाके स्वतः तपासले. दोन उसवून पुन्हा घालायला लावले. माझी खोली रिकामी झाली. सुधीरने पाहिली आणि व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवले. वैशालीने ती खोली झाडताना गाणे म्हटले. मी ऐकले नाही असे दाखवले.

आखाजीच्या सकाळी दारात काठी वाजली. पाहतो तर भास्करराव! वाळलेले, पण उभे, आणि स्वतःच्या पायांनी चालत आलेले.

"औषध लागू पडलं बावा," ते पायरीवर बसत म्हणाले. "ते गादी कॅन्सल कर."

मी पडवीत ठेवलेल्या गादीकडे पाहिले. उत्तम भरलेली, बिनचूक टाक्यांची, आणि आता गिऱ्हाईक नसल्याने पुन्हा माझ्या खोलीत जाणारी.

"अहो, काय पाहून राह्यले?" पत्नी माझ्या कानाशी म्हणाली. "मित्र वाचला तुमचा. तोंड तं नीट करा!"

मी तोंड नीट केले. प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्यास थोडा वेळ लागला.