मागच्या दाराची सवय

आळेफाट्यावर जीप थांबली तेव्हा आमच्या राजुरी गावापासून सोडायला आलेली सगळी भावकी खाली उतरली. आई पदर तोंडाला लावून उभी. नाना, म्हणजे माझे वडील, टपावरच्या बॅगांच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. नव्वदचं दशक सरत होतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि निघालो थेट अमेरिकेला. विमानाबद्दल, नोकरीबद्दल नानांना काही सांगता येण्यासारखं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तिथं आदी शेजार धर. भावकी सणाला येती, शेजारी रोज लागतो."

ओहायोतल्या एका लहान गावात मला भाड्याचं घर मिळालं. शेजार होता, पण तो बंद दारांचा. ऑफिसातून आलो की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने पडलो, तेव्हा शेजारचा डॅन सूपचं पातेलं घेऊन आला. ट्रक चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेली, एकटाच राहणारा माणूस. त्या सूपने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, नाना म्हणाले तसा शेजार मिळाला.

तुम्हा गावाकडच्या लोकांना सांगायला नको, शेजारचं भांडं आपण रिकामं परत देत नाही. आणि पुढच्या दारानेही देत नाही. पुढचं दार तलाठ्याचं, सोयऱ्यांचं. बरं वाटल्यावर मी शिरा केला, पातेल्यात भरला, परसातून डॅनच्या मागच्या दाराशी गेलो, दार ढकललं आणि स्वयंपाकघरात उभा राहून हाक मारली, "डॅन!"

तो आतल्या बोळातून आला तो दोन्ही हातांत पिस्तूल धरून. नळी माझ्या छातीवर.

मला ओळखल्यावर त्याने ते खाली केलं आणि खुर्चीत बसला. "मी तुला मारलं असतं, पोरा," तो सारखं म्हणत राहिला. मग शांतपणे समजावलं. इथे असं कुणाच्या घरात शिरायचं नसतं. पोलीस यायला अर्धा तास लागतो, तोवर आपलं आपणच बघायचं. हा आपला हक्क आहे, आजोबांपासून चालत आलेला. "ग्रीन कार्ड मिळालं की तूही एक घे." हायवेवर मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानातच मिळतं म्हणे. फॉर्म भरायचा, दुकानवाले फोनवर आपली चौकशी करतात, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी घेऊन यायचं.

रविवारी नानांना फोनवर या दुकानाचं सांगितलं. नानांकडे रानडुकरांसाठी एकनळी बंदूक होती. तिच्या परवान्यासाठी त्यांनी जुन्नर-पुणे किती खेटे घातले, ते मी लहानपणी पाहिलं होतं. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि नेमकी तेव्हाच डुकरं मक्यात घुसत. "आचारसंहिता आपल्याला, डुकरांला न्हाई," असं ते ठाण्यातल्या हवालदाराला तोंडावर म्हणत. त्यामुळे आधी ते खूशच झाले. "काय सांगतो! इलेक्शनला बी जमा नाय करावी लागत? लई भारी राव!"

मग मी मागच्या दाराचं सांगितलं. मला वाटलं, आता परत ये म्हणतील. ते म्हणाले, "मंग त्या बाबाकडं जातं तरी कोन रं?"

खरंच कुणी जात नव्हतं. त्याच्या दारात दुसरी गाडी उभी मी कधी पाहिली नव्हती.

मी जात राहिलो. आधी फोन करायचा, पुढच्या दाराशी जायचं, बेल वाजवून दोन पावलं मागे सरायचं, हात दिसतील असे ठेवायचे. डॅन हसून दार उघडायचा, कॉफी द्यायचा, बर्फात गाडी कशी चालवायची ते त्यानेच मला शिकवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच्या स्वयंपाकघरात मी पुन्हा आपणहून पाऊल टाकलं नाही, आणि त्यानेही कधी, असाच येत जा, म्हटलं नाही. पुढे तो मुलीकडे राहायला गेला.

ग्रीन कार्ड मिळालं, तरी बंदूक मी घेतली नाही. डॅनचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. नानांनासुद्धा आधी ते पटलंच होतं. माझं एवढंच की, कधीतरी कुणीतरी न विचारता माझं मागचं दार ढकलेल, ही आशा मला सोडवेना. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे कळेल. अजून तरी कुणी ढकललेलं नाही.

काही वर्षांनी राजुरीला गेलो. न कळवता, दुपारचा. दार सताड उघडं होतं. मी उंबऱ्याबाहेर थांबलो, चौकटीवर टकटक केली आणि दोन पावलं मागे सरलो.

आतून आईचा आवाज आला, "कोन हाय? कोन पावणं?"

वहिनी बाहेर डोकावल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. "अवो आत्या, तुमचं अमेरिकेचं पावणं! उघडं दार वाजवत्यात!" नाना हसले, आई हसत हसत डोळे पुसू लागली. मीही हसलो.

आधी आत जायचं आणि मग हाक मारायची, ते घर. राजुरीतलं ते घर तसंच आहे, कुणी बदललेलं नाही. पण त्या दुपारी आई "ये की रं" म्हणेपर्यंत माझा पाय उचलला नाही.