सरलाकाकूंचे न वाचलेले कागद

१६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरलाकाकूंचा एक कागद सहा हजार पाचशे रुपयांना विकला गेला. काकूंना ते दुसऱ्या दिवशी कळले.

काकू माझ्या शेजारी राहतात. वय एक्क्याऐंशी. यजमान शंकरराव रेल्वेत गार्ड होते. १९८९ साली एका सकाळी जेवणाच्या डब्यावरून दोघांची कुरबुर झाली. ते न बोलता ड्युटीवर गेले आणि रतलामला हृदयविकाराने वारले. तेव्हापासून काकू दर गुरुवारी दिवेलागणीला प्लँचेट करतात. तळहाताएवढी लाकडी फळी, खाली दोन चाके, पुढे पेन्सिल. त्यावर दोघांची बोटे लागतात. आधी समोर त्यांची बहीण बसायची. ती गेल्यावर, गेली तेवीस वर्षे, मी बसतो. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण गुरुवार चुकवलेला नाही.

काकूंचा प्रश्न एकच असतो, राग गेला का? पेन्सिल फिरते, पण अक्षर उमटत नाही. नुसती वर्तुळे, वेटोळी, एकमेकांना कापणाऱ्या रेघा. त्यात कुठेतरी अक्षर दडले असेल म्हणून काकू प्रत्येक वेटोळ्यात वेगळा रंग भरून शोधत बसतात.

काकूंच्या भाचीची मुलगी शमिका चित्रकला शिकते. तिने प्रदर्शनासाठी बारा कागद मागितले. शिकलेली माणसे बघतील, कुणाला तरी वाचता येईल, या आशेने काकूंनी ते दिले. विजय नगरच्या एका डॉक्टरीणबाईंना एक आवडला आणि शमिकाने तो देऊन टाकला.

पैसे घेऊन ती आली तेव्हा मी तिथेच होतो. तिने समजावून सांगितले, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात काही चित्रकार असेच आत्म्यांना बोलावत, अदृश्य जग कागदावर उतरते असे मानत. अमूर्त चित्रांची सुरुवात बरीचशी तिथूनच झाली.

"त्यांच्याशी कुणी बोललं का गं?" काकूंनी विचारले.

"पता नहीं, आजी. चित्रं राहिली, बस." मग ती हसून म्हणाली, "आजोबांचं अक्षर इतकं खराब होतं क्या?"

"मोत्यासारखं होतं. म्हणून तर कळत नाही." काकूंनी नोटा तिच्या हातात परत दिल्या. "वाचता आलं नाही म्हणून पत्र विकतात का? घेऊन ये."

बाईंनी कुरकुर न करता कागद परत दिला.

पुढच्या गुरुवारी आम्ही बसलो. पेन्सिल बराच वेळ एका जागी घुटमळली. मी बोटाने जरा जोर दिला असता तर 'हो' उमटला असता. काकू माझ्या बोटाकडे नाही, कागदाकडे बघत होत्या. मी जोर दिला नाही. पुन्हा एक वर्तुळ निघाले आणि काकूंनी रंगपेटी ओढली.

तो शेवटचा कोरा कागद होता. नाक्यावरच्या देवेंद्रच्या दुकानातून मी नवी ड्रॉइंगची वही आणली. त्याचे पंच्याऐंशी रुपये द्यायचे आहेत.