गोलंदाजकाकांची भूक

गोलंदाजकाका बोलू लागले की आळीतले कावळे उडत. पेशव्यांच्या तोफखान्यात उमर घालवून त्यांचे कान निम्मे गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही अशी त्यांची समजूत होती. कशाचाही निर्णय विचारा, उत्तर एकच: "धूर बसू दे, मग बघू." बार काढल्यावर समोरचं दिसेपर्यंत तोफेमागे थांबायचं, ही सवय त्यांनी घरातही आणली होती.

या माणसाने जगात दुसऱ्या कुणी केली नसेल अशी चूक केली होती. त्यांची मैना तीन वर्षांची असताना दसऱ्याच्या सरबत्तीला ते तिला खांद्यावर घेऊन गेले. तोफा उडाल्या, बाकीची पोरं किंचाळून आयांना बिलगली, मैना मात्र धुराकडे बघून हसत होती. "वाघीण आहे माझी," म्हणत त्यांनी आमच्या कसब्यातल्या अख्ख्या आळीला साखर वाटली. चार दिवसांनी वैद्यबुवांनी मैनेच्या पाठीमागे परात आपटली. तिने वळूनही पाहिलं नाही. साखर खाल्लेली तोंडं हसायला लागली. त्याच आठवड्यात काका मोहिमेवर निघून गेले, ते आठ वर्षं फिरकले नाहीत. मैनेची आई आधीच गेलेली. काकांच्या विधवा बहिणीने, आमच्या आत्याबाईंनी, पोरीला वाढवलं.

परतले तेव्हा मिशा पांढऱ्या आणि डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. आत्याबाईंनी दारातच विचारलं, इतकी वर्षं काय करत होतास?

"धूर बसायची वाट बघत होतो."

"बरं. ओट्यावर बस. तू कोण ते पोरीला मी सांगणार नाही. तुझं तू सांग. नाही जमलं तर तोफ उडवून सांग."

सांगणार कसं? मैनेची हाताच्या खुणांची भाषा आत्याबाई सोडल्या तर मलाच नीट येत होती. मी शेजारची, तेव्हा बारा वर्षांची, लग्न झालेली, सासरी धाडायची राहिलेली, आणि शहाणपणाने नुसती उतू चाललेली. मैना माझी एकटीची होती, तिच्यात मला वाटेकरी नको होता. काकांनी ओंजळभर बोरं देऊन विचारलं, "मी तुझा बाप, हे कसं सांगायचं गं?" खरी खूण होती डोक्याभोवती पागोट्याचा फेर. मी गंभीर तोंड करून दाखवलं, छातीखाली मूठ दाबायची. म्हणजे, मला भूक लागली. बोरं मात्र सगळी खाल्ली.

काकांनी मैनेसमोर बसून मूठ दाबली. तिने त्यांना न्याहाळलं, आत गेली आणि भाकरी-चटणी घेऊन आली. काकांचे डोळे भरले. बाप म्हणून सांगितलं आणि लेकीने वाढलं, आणखी काय हवं? मग तो रोजचा पाठ झाला. पोटभर जेवून आले तरी मूठ दाबत, भाकरी संपवत. मैना मला खुणेने विचारी, हा म्हातारा कोण, याला घरी कुणी वाढत नाही का? मी सांगे, याला कुणीच नाही. आणि तोंडात पदर कोंबून हसे. आज माझी नात तसं हसली की मी तिच्या पाठीत धपाटा घालते. कारण विचारते, ते सांगत नाही.

दोन महिन्यांनी स्वारीचा हुकूम आला. काका मला म्हणाले, "पोरीने पदरात घेतलं मला. आता गेलो तरी चालेल." माझं हसू तिथेच आटलं. मी सगळं कबूल केलं, तेही ओरडून, कारण हळू सांगितलेलं त्यांना कळत नव्हतं. माझं पाप अख्ख्या आळीने ऐकलं. ऐकलं नाही ते एका मैनेने.

काकांनी धुराचंही नाव काढलं नाही. म्हणाले, "खोटं काय शिकवलंस? भूकच होती." मी खरी खूण दाखवली, ती त्यांनी दोनदा गिरवली. आणि आळीला बजावलं, कुणी मध्ये पडू नका, उद्या मीच सांगेन.

सकाळी ते कंबर कसून दारात उभे राहिले. मैना चुलीपासून उठून आली. त्यांचा हात वर गेला, पागोट्यापाशी थांबला. मग खाली उतरला आणि मूठ होऊन छातीखाली दाबला गेला. सवयीने की मुद्दाम, मला आजवर उमगलेलं नाही. मैनेने घाईघाईने तव्यावरची भाकरी फडक्यात बांधून दिली. ती घेऊन ते गेले. आत्याबाई म्हणाल्या, राहू दे, परत आल्यावर सांगेल.

तोफखाना परतला, त्यात काका नव्हते. कुणीतरी त्यांचं पागोटं तेवढं आणून दिलं. आत्याबाई का रडतात, मैनेने मला विचारलं. मी डोक्याभोवती हात फिरवला आणि रिकाम्या ओट्याकडे बोट केलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने एवढंच विचारलं: त्या दिवशी घाईत भाकरी करपली होती. त्याने खाल्ली का?

दोन महिने मी तिच्याशी हसत हसत खोटं बोलले होते. आणखी एक सहज जमलं असतं.

मी सांगितलं, ठाऊक नाही.